चाळीस हजारात पीसी, वेगळं कार्ड नाही : माझं मत ५६००जीला, तुमचं?

घोडबंदरकर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय. जुना पीसी काढायचाय, चाळीसच्या आत नवीन बसेल का, ग्राफिक्स कार्ड नको, घरची कामं, पोरांचा अभ्यास, सुट्टीत थोडे गेम. आणि दरवेळी उत्तरांत तीच मारामारी, एक जण इंटेल म्हणतो, दुसरा म्हणतो एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) घ्या नाहीतर पैसे पाण्यात, तिसरा सेकंड हँड कार्डाकडे ओढतो, आणि विचारणारा शेवटी दुकानदार देईल ते घेऊन घरी येतो. याचं मला खरंच वाईट वाटतं कारण मध्यमवर्गीय घरात पीसी एकदा घेतला की सात-आठ वर्षं तोच वापरायचा असतो.

तर माझं मत सरळ सांगतो. कार्ड आत्ताही नको आणि पुढची तीन-चार वर्षंही घ्यायचं नसेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. २०२१ चा आहे, मान्य. पण सहा कोर, बारा थ्रेड, आणि आत व्हेगा ७ ग्राफिक्स जे इंटेलच्या आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० पेक्षा गेममध्ये साधारण दुप्पट चालतं. व्हॅलोरंट १०८० वर आरामात, जीटीए ५ सेटिंग खाली आणून व्यवस्थित. मदरबोर्ड ए५२० किंवा बी४५०, स्वस्त आणि कुठेही मिळणारा, फक्त बी४५० जुन्या स्टॉकचा असेल तर दुकानातूनच बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर घरी आणून स्क्रीन काळीच राहायची.

आणि कृपा करून रॅम एकच स्टिक घेऊ नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅमवरच जगतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२, म्हणजे रॅम तेवढीच असली तरी रस्ता दुप्पट रुंद. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे हाच प्रोसेसर, पण दुकानदाराने १६ ची एकच स्टिक लावलेली, "पुढे दुसरी टाकता येईल" म्हणून. नातू म्हणायचा गेम अडकत चालतो. टास्क मॅनेजर उघडलं, मेमरीवर क्लिक केलं, खाली लिहिलेलं की दोनपैकी एकच स्लॉट वापरात आहे, आणि स्पीड २६६६ कारण बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालूच केलेलं नाही. स्टिक बदलून ८-८ च्या दोन घेतल्या, एक्सएमपी चालू केलं, तोच गेम त्याच सेटिंगवर गुळगुळीत. लोक प्रोसेसरच्या नावावर तास-तास भांडतात आणि इथे मार खातात.

वाशी_सेक्टर१५

रॅमचं एकदम बरोबर पण बाकी मला पटत नाही. तुम्ही सगळं गेमच्या चष्म्यातून बघताय. ज्या घराचं वर्णन केलंत तिथे दिवसभर काय चालतं? ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब, एक्सेल, टॅली, झूमवर क्लास, संध्याकाळी यूट्यूब. यात एका कोरचा वेग लागतो आणि त्यात चार कोरचा १२१०० सुद्धा ५६००जीच्या पुढे आहे, १२४०० तर सगळ्याच बाबतीत पुढे, फक्त ग्राफिक्स सोडून.

दुसरं म्हणजे व्हिडिओ. एव्ही१ हा फॉरमॅट हल्ली यूट्यूब सर्रास वापरतं. इंटेलच्या १२ व्या पिढीत त्याचं डिकोडिंग (व्हिडिओ उलगडून दाखवणं) ग्राफिक्सच्या भागातच होतं, व्हेगाला ती सोयच नाही, तो भार प्रोसेसरच्या कोरवर येतो किंवा मग व्हीपी९ या जुन्या फॉरमॅटवर भागवायचं. २०२६ मध्ये नवीन मशीन घेताना ही उणीव का विकत घ्यायची? आणि एएमडीने २०२३ मध्येच पोलारिस आणि व्हेगा या जुन्या ग्राफिक्स पिढ्यांचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) मुख्य शाखेतून बाजूला काढलेत, अपडेट येतात पण मोजके. सात-आठ वर्षं वापरायचा म्हणताय ना?

घोडबंदरकर

ड्रायव्हरचं म्हणाल तर इंटेलनेही २०२५ मध्ये ११ व्या ते १४ व्या पिढीचं ग्राफिक्स लेगसी सपोर्टमध्ये, म्हणजे मोजक्या अपडेटवर, टाकलंय. म्हणजे यूएचडी ७३० पण त्याच रांगेत. एका बाजूचं सांगायचं आणि दुसऱ्या बाजूचं झाकायचं असं नको.

एव्ही१ चा मुद्दा खरा आहे. पण सहा कोर आहेत हो, १०८० चा एव्ही१ व्हिडिओ प्रोसेसरवर चालताना अडकत नाही, थोडी वीज जास्त जाते इतकंच. फोर-के मॉनिटर घेणाऱ्याने जरूर विचार करावा, चाळीस हजारात फोर-के मॉनिटर कोण घेतंय? आणि एक्सेल, टॅली, झूम दोन्हीवर इतकं पटकन चालतं की शेजारी शेजारी ठेवले तरी घरच्यांना फरक कळणार नाही. गेममधला फरक मात्र पोराला पहिल्या दिवशी कळतो. जिथे फरक जाणवतो तिथे पैसे घालायचे, एवढंच माझं म्हणणं.

ऐरोलीकर

दोघंही मेलेल्या सॉकेटवर भांडताय. ५६००जीच्या एएम४ वर नवीन पिढी येणार नाही, १२१००-१२४०० च्या एलजीए १७०० चा खेळ १४ व्या पिढीला संपला. एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्टचा शब्द दिलाय. आज ८५००जी किंवा जमलं तर ८६००जी घ्या, चार वर्षांनी त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवा. ८६००जी मधलं रेडिऑन ७६०एम व्हेगा ७ च्या किती पुढे आहे ते चालवून बघा मग बोला, एव्ही१ पण आहे त्यात, एन्कोड (त्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ बनवणं) सुद्धा. मी ऑफिसच्या कामाला आणि सुट्टीतल्या गेमला हाच वापरतो, कार्डाची आठवणसुद्धा येत नाही.

घोडबंदरकर

८६००जी उत्तम आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो चाळीसात बसवून दाखवा. एएम५ म्हणजे डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमशिवाय चालत नाही, बोर्ड महाग, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते तुम्हाला माहीत आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी कंपन्यांनी माल तिकडे वळवला, त्याची झळ इथे आपल्याला. मग माणूस काय करतो, ८६००जी घेतो आणि पैसे संपले म्हणून डीडीआर५ ची एकच स्टिक टाकतो. झालं, जे ७६०एम साठी पैसे मोजले त्याचाच गळा आवळला.

आणि ८५००जी चं नाव सारखं सारखं घेऊ नका प्लीज. त्यातलं ७४०एम व्हेगा ७ पेक्षा थोडंसंच पुढे आहे, सहापैकी चार कोर छोटे झेन४सी वाले, आणि पुढे कार्ड लावायचं म्हटलं तर त्याला पीसीआयईच्या (बोर्डावर कार्ड जोडायच्या रस्त्याच्या) चारच लेन मिळतात. ८६००जी ला आठ. नाव सारखंच दिसतं म्हणून लोक फसतात.

डीडीआर४ चा अजून एक फायदा कोणी बोलत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा जुना आय५ विंडोज ११ मध्ये बसत नाही म्हणून जे लोक पीसी बदलतायत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे डीडीआर४ रॅम आधीच आहे. ती काढून नव्या बोर्डात बसवा. २४०० ची असली तर ग्राफिक्स जरा मंदावेल, पण आजच्या भावात रॅमचे पैसे वाचले म्हणजे एसएसडी मोठी येते.

वाशी_सेक्टर१५

जुनी डीडीआर४ इंटेलच्या एच६१० च्या डीडीआर४ बोर्डातही बसते, तो फायदा काही एकट्या एएमडीचा नाही. माझं म्हणणं तिथेच आहे, १२४०० घ्या, जुनी रॅम लावा.

कळव्याची_आई

नमस्कार, मी वाचतेय सगळं, निम्मं समजतंय. मुलगा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या ऑटोकॅड आणि स्केचअप, सीनियर्स म्हणतात पुढे तिसऱ्या वर्षापासून रेंडरिंग असतं. बजेट चाळीस, ताणून बेचाळीस. मॉनिटर जुना आहे, त्याला फक्त ती निळी व्हीजीएची पिन लागते. ठाण्यातल्या एका दुकानात १२४००एफ चं कोटेशन दिलंय, म्हणाले हा दोन हजारांनी स्वस्त पडतो आणि तोच आहे. घेऊ का?

जुना_लॅमिंग्टनकर

ताई थांबा, घेऊ नका. इंटेलच्या नावामागे एफ असलं की आत ग्राफिक्स नाही. कार्ड न लावता मॉनिटर जोडलात तर चित्रच येणार नाही. एएमडीत ५५०० आणि ७५००एफ चं पण तेच. ५६०० आणि ५६००जी मध्ये सुद्धा तोच फरक, जी असलं तर ग्राफिक्स आहे. दुकानदार मुद्दाम करतो असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे कार्ड घेणारं गिऱ्हाईक जास्त येत असेल, पण कोटेशनवर "१२४००, एफ नाही" असं लिहूनच घ्या.

आणि माझं वेगळं मत पण ऐकाच. तुमच्या बजेटात एफ वाला प्रोसेसर आणि सेकंड हँड आरएक्स ५८० कार्ड घेतलं तर ५६००जी पेक्षा कितीतरी जास्त ग्राफिक्स मिळतं. ८ जीबी स्वतःची मेमरी, रॅमवर भार नाही.

ऐरोलीकर

आरएक्स ५८० २०१७ चं कार्ड आहे काका. अर्धी तर क्रिप्टो मायनिंगमधून आलेली, १८५ वॅटचं कार्ड, कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ते लावायचं म्हणजे बोर्डासकट जायची भीती. वॉरंटी शून्य. आईने पोराच्या शिक्षणासाठी घ्यायच्या मशीनमध्ये हे सुचवू नका.

जुना_लॅमिंग्टनकर

चांगला एसएमपीएस घ्यावाच लागतो, ते मी गृहीत धरलेलं. पण वॉरंटीचा मुद्दा पटला, कॉलेजच्या मुलासाठी नको. ज्याला स्वतः कॅबिनेट उघडता येतं त्याच्यासाठी माझा सल्ला कायम.

घोडबंदरकर

ताई, तुमच्यासाठी माझं उत्तर वेगळं आहे. मी पहिल्या ओळीतच अट घातली होती की पुढेही कार्ड घ्यायचं नसेल तर. तुमच्या मुलाला तिसऱ्या वर्षी लुमिअन किंवा एन्स्केपसारखं, डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र बनवणारं रेंडरिंग सॉफ्टवेअर लागलं तर वेगळं कार्ड घ्यावंच लागेल, कुठल्याही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ते भागत नाही, ८६००जी वर सुद्धा नाही. आणि कार्ड लावायचं ठरलं की ५६००जी मागे पडतो. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरची आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि पीसीआयईच्या जुन्या ३.० वर अडकलेला. आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी सारख्या स्वस्त कार्डांना चारच लेन असतात, ती ३.० वर अजून हळू होतात.

म्हणून तुम्ही आय५-१२४०० घ्या, एफ नसलेला. ऑटोकॅडचं टू-डी काम एका कोरच्या वेगावर चालतं, तिथे तो जोरात आहे, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं स्केचअप यूएचडी ७३० वर निघून जाईल, मॉडेल जड झालं की सावल्या बंद ठेवायच्या. एसएमपीएस आत्ताच बऱ्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा घ्या म्हणजे कार्डाच्या वेळी परत खर्च नको. बाकीच्यांना माझं मत ५६००जीच.

वाशी_सेक्टर१५

शेवटी १२४०० वर आलातच की. मी तर म्हणेन हे कारण तुमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांना लागू आहे. आज आठवी-नववीत असलेलं पोर चार वर्षांनी काय शिकेल कोणाला माहीत? कार्डाची वाट मोकळी ठेवणारा प्रोसेसरच घरासाठी बरा.

घोडबंदरकर

"कदाचित पुढे लागेल" म्हणून आजची दोन-तीन वर्षं पोराला अडकत चालणारा गेम द्यायचा, हे मला मान्य नाही. ज्या घरात कार्ड येतं तिथे ते ठरवून येतं, ताईंसारखं आधी माहीत असतं. बाकी घरांत "पुढे टाकू" म्हणून सोडलेला तो स्लॉट मशीन भंगारात जाईपर्यंत रिकामाच असतो, मी एवढे पीसी उघडलेत त्यावरून सांगतोय. त्यांना मिळणारं ग्राफिक्स एकच, प्रोसेसरमधलं. ते तरी चांगलं मिळू दे.

नेरूळ_एडिटर

एक मुद्दा राहतोय. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, माझ्यासारख्यांनी इंटेलच घ्यावा. क्विक सिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधली व्हिडिओची खास सोय) मुळे एक्सपोर्ट आणि टाइमलाइन दोन्ही हलकं होतं, मोबाईलवर शूट केलेलं एचईव्हीसी फॉरमॅटचं फुटेज प्रीमियरमध्ये न अडकता सरकतं. जमलं तर १२५००, त्यात यूएचडी ७७० येतं. गेमच्या फ्रेम मोजून माझं पोट भरत नाही.

घोडबंदरकर

एडिटिंगला क्विक सिंक, यावर वाद नाही. कामासाठी घेणाऱ्याने कामाचं बघावं.

कळव्याची_आई

सगळ्यांचे आभार. शनिवारी मुलाला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन येते, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. व्हीजीएचं काय करू ते मात्र कोणी सांगितलं नाही.

जुना_लॅमिंग्टनकर

ताई, एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतात, बोर्ड डब्यातून काढायला लावून मागची पट्टी डोळ्यांनी बघा. जुना मॉनिटर त्यावर चालेल, घाईने नवा घेऊ नका. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच मागा, इंटेलच्या बॉक्सवर तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे मधला सुटा देऊ लागले तर नको म्हणा, पाचशे-हजार कमी सांगितले तरी. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. रॅमच्या स्टिक दोन. शनिवारी सकाळी लवकर निघा, दुपारनंतर दुकानात गर्दी झाली की कोणी नीट बोलत नाही, आणि रविवारवर ढकलू नका, बहुतेक दुकानं बंद असतात.