मदत हवी आहे: आमदार म्हणतात सभागृहात बोलायला वेळच मिळत नाही, नक्की काय करता येतं?

चाळीतली_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमची चाळ मध्य मुंबईत, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत), १९४० च्या आधीची म्हणजे अ वर्गातली. दहा वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटसाठी खाली केली, पाडली, पायाचा खड्डा खणला आणि काम जे थांबलं ते थांबलंच. सुरुवातीला भाडं वेळेवर यायचं, मग दोन-दोन महिने लांबायला लागलं, आता तीन वर्षं झाली एक रुपया आलेला नाही. चौसष्ट बिऱ्हाडं आहोत, कोणी विरारला कोणी बदलापूरला कोणी गावीच निघून गेलं. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत, डोंबिवलीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, आणि अजून रेशनकार्डावर चाळीचाच पत्ता ठेवलाय, बदलू देत नाहीत.

गेल्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण आमदारांना भेटायला गेलो. माणूस चांगला आहे हे आधी सांगते. आमचं सगळं ऐकून घेतलं, फाइल चाळली. पण पहिल्यांदाच निवडून आलेत, सत्ताधारी बाजूचे आहेत पण मंत्री वगैरे नाहीत, मागच्या बाकावर बसतात. ते म्हणाले, "ताई, विषय मला शंभर टक्के पटतो, पण २८८ जणांत माझा नंबर लागायला पाहिजे ना, पक्षाचे प्रतोद (कोण बोलणार ते ठरवणारे) नाव देतात तेव्हा बोलायला मिळतं आणि दोन मिनिटांत बेल वाजते."

मला त्यांच्यावर राग नाही, मला फक्त कळून घ्यायचंय की हे खरंच असं असतं का. साध्या आमदाराला स्वतःहून विषय लावून घ्यायचे कुठले मार्ग आहेत, आणि आम्ही भाडेकरू त्यासाठी काय तयार करून देऊ शकतो? पावसाळी अधिवेशन जवळ आलंय, ते मुंबईतच असतं, नंतरचं हिवाळी नागपूरला, तिकडे आमची म्हातारी माणसं काही जाऊ शकत नाहीत, म्हणून घाई आहे.

फाइलवाला

ताई, मी बरीच वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो, आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुमच्या आमदारांचं अर्धं खरं आहे. कुठल्या विषयाला किती वेळ हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं, तिथे अध्यक्ष आणि पक्षांचे गटनेते बसतात, मागच्या बाकावरच्या माणसाला तिथे जागा नाही. मोठ्या चर्चेत, म्हणजे राज्यपालांचं अभिभाषण, बजेट, नियम २९३ ची चर्चा, तिथे पक्षाला मिळालेला वेळ प्रतोद वाटून देतात आणि नवीन माणसाच्या वाट्याला शेवटची दोन-तीन मिनिटं येतात, ती पण रात्री, सभागृह रिकामं असताना.

पण उरलेलं अर्धं त्यांच्या हातात आहे. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), नियम १०५ ची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), नियम ९४ ची अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, यातल्या कशालाही पक्षाची परवानगी लागत नाही, सदस्य स्वतःच्या सहीने सूचना देतो आणि स्वीकारायची की नाही ते अध्यक्ष ठरवतात.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी लक्षवेधी. कारण लक्षवेधी स्वीकारली की खात्याला निवेदन तयार करावंच लागतं, म्हणजे फाइल कपाटातून निघून टेबलावर येते, डेस्क ऑफिसर खालच्या ऑफिसला फोन करतो, ते ऑफिस डेव्हलपरला पत्र काढतं. सभागृहात विषय यायच्या आधीच ही हालचाल सुरू होते. मग निवेदनाच्या प्रती वाटतात आणि सदस्य थेट प्रश्न विचारायला उभा राहतो. मंत्री समोर असतात, उत्तर द्यावं लागतं. औचित्याचा मुद्दा मांडणं त्यामानाने सोपं, पण त्यात वाचून दाखवायचं आणि बसायचं, लगेच उत्तर मिळत नाही.

तारांकितसाठी आजच चौकशी करा कारण त्याची मुदत अधिवेशनाच्या बऱ्याच आधी संपते, लोकांना हे माहीत नसतं आणि अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन येतात.

चाळीतली_लेक

फाइलवाला दादा, खूप खूप धन्यवाद, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. पण लक्षवेधी पण शेकड्याने येत असतील ना? आमचीच का घेतील?

फाइलवाला

येतात, ढिगाने येतात. पूर्वी दिवसाला मोजक्याच घ्यायचे, अलीकडे सकाळी विशेष बैठक लावून बऱ्याच घेतात, त्यामुळे संधी वाढलीय पण प्रत्येकीला मिळणारा वेळ कमी झालाय.

निवड कशावर होते ते अनुभवाने सांगतो. "मुंबईतील जुन्या इमारतींचा प्रश्न" असं मोघम लिहिलं की गेली. एकच विषय, ताजा, आकड्यासह, आणि शासनाची जबाबदारी कुठे येते ते स्पष्ट लिहिलेलं असेल तर ती उचलली जाते. दुसरं म्हणजे सह्या. एकट्याची सूचना आणि चार-पाच सदस्यांची मिळून सूचना यात फरक पडतो, विशेषतः दोन्ही बाजूंच्या सदस्यांच्या असतील तर. रखडलेल्या चाळी काय एका मतदारसंघात आहेत का? लालबाग, गिरगाव, माझगाव, माहीम, सगळीकडे आहेत. तुमच्या आमदारांनी शेजारच्या तीन आमदारांना बरोबर घेतलं तर त्यांचा नवखेपणा आड येणार नाही.

परळचा_वकील

एक महत्त्वाची गोष्ट कोणी विचारली नाही. ताई, तुमच्यापैकी कोणी कोर्टात गेलंय का? कारण न्यायप्रविष्ट बाब असेल तर त्यावर चर्चा होत नाही, सूचना तिथेच नाकारली जाते किंवा मंत्री "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" एवढं म्हणून बसतात.

चाळीतली_लेक

हो, आमच्यातल्या सात जणांनी थकलेल्या भाड्यासाठी केस टाकलीय. म्हणजे आमचा रस्ता बंद झाला का? काल रात्री हे वाचल्यावर झोपच लागली नाही.

परळचा_वकील

नाही नाही, घाबरू नका, रस्ता बंद नाही, फक्त मांडणी बदलायची. तुमच्या चाळीचं नाव आणि तो डेव्हलपर हा विषय ठेवू नका. म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात दुरुस्ती करून ७९-अ आणि ९१-अ ही कलमं आणली, त्या दुरुस्तीला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. ९१-अ नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे, उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास अर्धवट सोडला असेल तर तो प्रकल्प ताब्यात घेऊन पुरा करता यावा म्हणून. तर लक्षवेधीत विचारायचं की या कलमाखाली आजवर किती प्रकल्पांना नोटिसा दिल्या, किती ताब्यात घेतले, किती पुरे झाले, आणि तोपर्यंत रहिवाशांच्या भाड्याची सोय काय. हा धोरणाचा प्रश्न आहे, एका केसचा नाही. उत्तर मिळालं तर तुम्हाला कोर्टातही दाखवता येईल.

बोरिवली_लोकल

मन मोडायचं नाहीये ताई पण माझ्या काकांच्या इमारतीचा विषय सभागृहात आला होता, मंत्री म्हणाले तपासून कारवाई करू, पेपरात दोन ओळी आल्या, टाळ्या वाजल्या, पुढे काही नाही. आम्ही पेढे वाटले होते हो. त्यामुळे बोलायला वेळ मिळाला म्हणजे काम झालं असं धरू नका.

फाइलवाला

बोरिवलीकर, तुमचं दुःख समजतं, पण तिथेच एक धागा सुटला. मंत्र्यांनी सभागृहात "कारवाई करू" म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि त्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती आहे, दिलेल्या आश्वासनांची पूर्तता झाली की नाही हे ती खात्याला विचारते. आमदारांनी पाठपुरावा केला नाही तर ते आश्वासन वर्षानुवर्षं प्रलंबित पडून राहतं. म्हणून सांगतो, प्रश्न असा विचारायचा की उत्तरात तारीख यावी. "कारवाई करणार का" असं विचारलं तर "होय" येतं. "किती दिवसांत बैठक लावणार आणि त्या बैठकीला रहिवाशांना बोलावणार का" असं विचारलं की मंत्र्यांना काहीतरी ठोस बोलावं लागतं. मी माझ्या साहेबांना हे वाक्य चिठ्ठीवर लिहून द्यायचो, उभं राहिल्यावर गोंधळात माणूस विसरतो.

आणि विनंती अर्ज समिती पण आहे, नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत तिथे जाऊ शकतो. लक्षवेधी लागली नाही तर तो मार्ग धरा.

दादरच्या_बाई

मी राज्यशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून थोडं लांब लिहिते.

मागच्या बाकावरचा माणूस काही करू शकत नाही हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं, आणि मला ते कधीच पटलं नाही. डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे घातल्याचं प्रकरण मांडलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते, मंत्री नव्हते, आणि पंतप्रधान त्यांचे सासरे. कागद हातात घेऊन बोलले. चौकशीला आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला नेमले गेले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी बाजूचा आहे म्हणून गप्प बसावं लागतं असं तुमच्या आमदारांच्या मनात असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

ब्रिटनमध्ये या वेळेच्या प्रश्नावर निराळा उपाय काढलाय. तिथेही बहुतेक वेळ सरकारच्या हातात असायचा. राइट समितीच्या शिफारशीवरून २०१० मध्ये तिथल्या कॉमन्स सभागृहात बॅकबेंच बिझनेस कमिटी आली. एका सत्रातले ३५ दिवस मागच्या बाकांसाठी राखून ठेवलेत, त्यातले निदान २७ मुख्य सभागृहात. खासदार या समितीपुढे जाहीरपणे येऊन सांगतात की माझा विषय का घ्या, आणि वेगवेगळ्या पक्षांचे किती जण बरोबर आहेत हे तिथे बघितलं जातं, म्हणजे फाइलवाल्यांनी सह्यांचं सांगितलं तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेवर अशीच चर्चा झाली. १९८९ मध्ये चेंगराचेंगरीत माणसं गेली होती, घरचे लोक बावीस वर्षं कागदपत्रं मागत होते. एक लाखाच्या वर सह्यांचा ऑनलाइन अर्ज गेला, लिव्हरपूलचे खासदार स्टीव्ह रॉदरम उभे राहिले आणि त्यांनी ९६ जणांची नावं सभागृहात वाचून दाखवली, ती अधिकृत नोंदीत कायमची गेली. सरकारने कागदपत्रं खुली करायचं मान्य केलं.

आपल्याकडे अशी समिती नाही, असायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मागच्या बाकासाठी राखून ठेवलेला वेळ म्हणजे शुक्रवारचं अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांचं) कामकाज, लोकसभेत अडीच तास, आणि तेच आधी बळी जातं.

नवा_कार्यकर्ता

बाई म्हणतात तसं शुक्रवारी अशासकीय विधेयकच का आणू नये? भाडं थकवलं की डेव्हलपरला थेट शिक्षा असा कायदा.

दादरच्या_बाई

आणायला हरकत नाही, पण बाळा, या चौसष्ट घरांना त्याची वाट बघायला लावू नकोस. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. चर्चा होते, मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतो. दबाव म्हणून चांगलं साधन आहे, लवकर भाडं मिळण्यासाठी नाही.

त्यापेक्षा पुरवणी मागण्या (बजेटनंतर सरकार सभागृहाकडे मागतं तो जादा खर्च) बघा. प्रत्येक अधिवेशनात साधारण येतातच, आणि गृहनिर्माण खात्याची मागणी असेल त्या दिवशी त्या खात्यावर बोलायला नवीन सदस्यांनाही संधी मिळू शकते. प्रतोदांकडे नाव आधी द्यायचं, आदल्या रात्री नाही.

चाळीतली_लेक

सगळ्यांना अपडेट देते, उशीर झाला कारण मधे बाबांना ताप होता.

काल संध्याकाळी आम्ही परत आमदारांकडे गेलो, या वेळी पाचच जण, फाइलवाला दादांनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलं होतं की गर्दी नेऊ नका, एक पान न्या. मी एक पान नेलं. वर विषय एका ओळीत, मग ९१-अ चे चार प्रश्न वकीलसाहेबांनी सांगितले तसे, मग आकडे: घरं ६४, भाडं बंद होऊन ३६ महिने, या काळात वारलेले मूळ भाडेकरू ११. हा शेवटचा आकडा लिहिताना हात थांबला होता, कारण अकराही जणांना मी काका-काकू म्हणायचे.

आमदारांनी पान दोनदा वाचलं. सत्ताधारी असून विचारलं तर वर चालेल का, असं त्यांच्या पीएंनी मधेच विचारलं, तेव्हा मी बाईंची मुंदडा प्रकरणाची गोष्ट सांगितली. आमदार काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिथूनच शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांना फोन लावला, जे विरोधी बाजूचे आहेत, आणि म्हणाले की आपण मिळून सही करू. तारांकितची मुदत गेलीय, ती आता हिवाळी अधिवेशनासाठी टाकणार. लक्षवेधीची सूचना पहिल्या आठवड्यातच देतो म्हणालेत, आणि पुरवणी मागण्यांसाठी प्रतोदांना पत्र आजच.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या दिवशी आहे, फोनवर लाइव्ह दिसतं ना ते?" मी म्हटलं अजून स्वीकारली नाहीये, लागेल की नाही माहीत नाही. ते म्हणाले ठीक आहे, रोज लावून ठेव.

आता एक शेवटची मदत हवी आहे. फाइलवाला दादा म्हणतात आणखी दोन-तीन मतदारसंघांतली उदाहरणं जोडली तर सूचना भक्कम होईल. इथे कोणाची चाळ अशी अर्धवट पाडून ठेवलेली असेल, भाडं थकलं असेल, तर मला व्यनि करा. चाळीचं नाव, किती घरं, खाली कधी केली आणि भाडं कधी बंद झालं एवढंच लिहा. गुरुवारपर्यंत आलं तर त्याच पानावर घालता येईल.