मदत हवी आहे: युनिटीतील पार्टिकल सिस्टिम स्क्रोल व्ह्यूच्या चौकटीत कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी मुलांचे गणिताचे ॲप करत आहे. त्यात प्रश्नांच्या पट्ट्या सरकत्या यादीत (स्क्रोल व्ह्यू) आहेत. उत्तर बरोबर आले की त्या प्रश्नाच्या पट्टीवरून चांदण्यांचा छोटासा वर्षाव व्हावा, असे मला हवे आहे; त्यासाठी पार्टिकल सिस्टिम, म्हणजे अनेक छोट्या कणांचा दृश्य परिणाम, वापरली आहे. कॅनव्हास (बटणे, मजकूर असा इंटरफेस ज्यावर मांडतात तो घटक) 'स्क्रीन स्पेस ओव्हरले' मोडमध्ये असताना चांदण्या इंटरफेसच्या मागे झाकल्या जात, कारण त्या मोडमध्ये कॅमेऱ्याचे चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्यावर संपूर्ण इंटरफेस रेखाटला जातो आणि पार्टिकल सिस्टिम मात्र कॅमेऱ्याच्या चित्रातच राहते. 'स्क्रीन स्पेस कॅमेरा' मोड घेऊन पार्टिकल रेंडररची (कण रेखाटणाऱ्या घटकाची) सॉर्टिंग ऑर्डर, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम, वाढवल्यावर ते सुटले.

खरी अडचण पुढे आहे. यादी सरकवली की पट्टी 'रेक्ट मास्क २डी'मुळे (आयताबाहेरचा भाग लपवणाऱ्या घटकामुळे) कडेला नीट कापली जाते, पण चांदण्या वरच्या शीर्षकावर तशाच तरंगत राहतात. हा मास्क कॅनव्हास रेंडररने (इंटरफेस रेखाटणाऱ्या घटकाने) काढलेल्या घटकांनाच लागू होतो. दुसऱ्या कॅमेऱ्याने रेंडर टेक्स्चरवर (पडद्याऐवजी मेमरीत ठेवलेल्या चित्रावर) चित्र घेऊन ते रॉ इमेज या इंटरफेसच्या चित्रघटकात दाखवता येते, पण पारदर्शक कडा काळपट दिसतात आणि मेमरीही जास्त लागते, म्हणून तो मार्ग मला पटत नाही. कणांच्या जागा प्रत्येक फ्रेमला वाचून स्वतःची मेश (त्रिकोणांनी बनलेला आकार) कॅनव्हास रेंडररला देणे अधिक योग्य वाटते. मात्र त्यामुळे कॅनव्हासचे बॅचिंग (घटक एकत्र करून रेखाटण्याची तयारी) दर फ्रेमला नव्याने होईल.

त्यासाठी वेगळा उपकॅनव्हास (मुख्य कॅनव्हासच्या आतला कॅनव्हास) ठेवल्यास साध्या अँड्रॉइड फोनवर सेकंदाला ६० फ्रेम टिकतात का? की पार्टिकल रेंडररला चालणारा स्प्राइट मास्क (चित्राच्या आकाराने कापणारा मास्क) व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे यादीच्या दिसणाऱ्या चौकटीच्या, मापाचा ठेवणे पुरेसे आहे? कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.