कॅथलिक श्रद्धेवरील एकल प्रदर्शन: चित्रांशेजारी माहितीफलक लावावेत का?

प्रश्न
‘क्रूसाची वाट’, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासाचे चौदा टप्पे, या विषयावर मी गेली चार वर्षे काम करीत असून त्या चौदा चित्रांचे माझे पहिले एकल प्रदर्शन आता तोंडावर आले आहे. मी श्रद्धावान कॅथलिक आहे आणि ही चित्रे माझ्या प्रार्थनेतूनच उतरली आहेत. सहाव्या टप्प्यावर वेरोनिका नावाची स्त्री आपल्या कापडाने येशूचा चेहरा पुसते. तिथे मी माणूस काढलेलाच नाही. अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर एक चुरगळलेले कापड आहे आणि त्याच्या मध्यभागी गेरूचा फिकट, ओलसर वाटणारा डाग. ते पाहून एक स्नेही म्हणाले, “वाळत घातलेले कापड सुरेख जमले आहे.” तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी फलक लावावेत का?

प्रतिसाद १
टप्प्याचा क्रमांक आणि नाव अवश्य द्यावे, त्याहून अधिक काही नको. ही भक्ती चालत करायची असते. आपण थांबतो, गुडघा टेकतो, पुढे जातो. म्हणून दोन चित्रांमध्ये चार पावले चालावे लागेल एवढी मोकळी भिंत ठेवा, कारण गर्दीने टांगलेल्या चौदा चित्रांत ती वाट हरवेल. शिवाय वेरोनिकेचा प्रसंग बायबलमधील चारपैकी एकाही शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, नाही, तसेच येशूचे तीन वेळा पडणेही नाही. ते परंपरेने जपलेले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली शुभवर्तमानांवर आधारलेले चौदा टप्पे योजले, त्यांत हे प्रसंग नव्हते. तरीही आपण ते कापड निवडलेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

प्रतिसाद २
मी स्वतः चित्रकार आहे. माझ्या एका प्रदर्शनात मी दीड-दीडशे शब्दांचे फलक लावले होते आणि लोक चित्रांकडे पाठ करून तेच वाचत उभे राहिले, ही चूक आपण करू नये. अमेरिकी चित्रकार बार्नेट न्यूमन यांनी याच विषयावरील चौदा चित्रे १९६६ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मांडली. कोऱ्या कॅनव्हासवर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, एकही मानवाकृती नाही. मात्र उपशीर्षकात क्रूसावरील येशूचा आक्रोश होता, “लेमा सबख्थानी”, म्हणजे ‘तू माझा त्याग का केलास?’ त्या दोन शब्दांनी चौदाही चित्रे एका सुरात बांधली. फ्रेंच चित्रकार मातीस यांनी फ्रान्समधील व्हाँसच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात (१९५१), सगळे टप्पे एकाच भिंतीवर, पांढऱ्या फरश्यांवर काळ्या रेषांनी काढले आणि शेजारी केवळ आकडे घातले. पहिल्या प्रतिसादातील अंतराचा मुद्दा मला पटतो, पण मातीस यांनी तो मोडूनही वाट राखली, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रतिसाद ३
मी ख्रिस्ती नाही. “वेरोनिका येशूचा चेहरा पुसते” एवढे एक वाक्य मिळाले, तर त्या डागापुढून मी लवकर हलणार नाही. ते वाक्य मात्र चित्रापासून हातभर दूर असावे, म्हणजे नजर आधी कापडावर जाईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रमांक व नाव चित्राच्या उजवीकडे, खालच्या बाजूला लहान अक्षरांत देईन आणि सविस्तर माहितीची पुस्तिका बाहेर पडण्याच्या दारापाशी ठेवीन. सहाव्या चित्राच्या दोन्ही बाजूंना इतरांपेक्षा अधिक भिंत मोकळी सोडणार आहे.