नेटवर्क रेलमधली दुखापती लपवायची सवय कशी मोडणार?

रूळवेडा: ब्रिटनमधले रेल्वेरूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल कंपनीत 2005 ते 2010 दरम्यान कामगारांच्या अंदाजे 500-600 दुखापती नोंदवल्याच गेल्या नाहीत, एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतंच कसं?

सिग्नलवाला: अहो टार्गेट! आकडे कमी दाखवायचं प्रेशर वरून, ठेकेदाराला पुढचं काम जाईल ही भीती, मग पाय मुरगळलेल्या माणसाला रजा न देता ऑफिसात बसवायचं, कागदावर सगळं आलबेल.

मीनल: सायरस (CIRAS) या रेल्वे कामगारांसाठीच्या सुरक्षा-तक्रार सेवेवर नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, हे फार गरजेचं आहे. पण 2019 ला वेल्समध्ये मार्गमला दोन कामगार गाडीखाली गेले, त्यानंतर कुठे चालू लाइनवर नुसत्या लुकआउटच्या (गाडी येतेय का यावर नजर ठेवून इशारा देणाऱ्या माणसाच्या) भरवशावर काम करणं कमी केलं.

सिग्नलवाला: हो ना, गँगमधल्या सगळ्यात नव्या पोराला 'काम थांबवा' म्हणायची हिंमत व्हायला हवी.