सह्याद्रीच्या सरावावर काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक झेपेल का?

गडवाट :

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये सोनमर्ग ते नारानाग हा काश्मीर ग्रेट लेक्सचा सात दिवसांचा ट्रेक करण्याचा आम्हा पती-पत्नीचा विचार आहे. माझे वय ४९ असून पत्नीचे ४६ आहे. गेली वीस वर्षे आम्ही सह्याद्रीत फिरत आहोत आणि नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, राजगड ते तोरणा अशा वाटा पाठीवर सामान घेऊन केलेल्या आहेत. हिमालयात मात्र मनालीच्या पुढे कधी गेलेलो नाही आणि सलग सहा रात्री तंबूत काढण्याचा अनुभवही नाही.

ट्रेक नेणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या कार्यक्रमानुसार पहिल्याच दिवशी सोनमर्गजवळच्या शिटकडीहून निघून निचनाईच्या मुक्कामाला पोहोचायचे आहे. दुसऱ्या दिवशी निचनाई खिंड ओलांडून विशनसर, आणि तेथून पुढे गडसर, सतसर, गंगाबल असा तलावांचा क्रम आहे. पत्नीला रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. आमचा सराव या ट्रेकला पुरेल का, की आधी मनालीजवळच्या हमटा खिंडीसारखा लहान ट्रेक करून पाहावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी स्पष्ट मत द्यावे.

देवराई :

आपले पाय या ट्रेकला पुरतील, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न उंचीचा आहे, आणि उंचीचा सराव सह्याद्रीत होतच नाही. आपल्याकडचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे सोनमर्गला गाडीतून उतरताच आपण कळसूबाईच्या सुमारे हजार मीटर वर उभे असता. गडसर खिंड साधारण ४,२०० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के भरतो.

विरळ हवेत शरीर प्रथम श्वासाचा वेग वाढवते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि हा तोल मूत्रपिंडे सावरीपर्यंत श्वास मोकळेपणाने वाढू शकत नाही. मूत्रपिंडांच्या या कामाला काही दिवस लागतात आणि दर रविवारी सिंहगड चढल्याने ते दिवस कमी होत नाहीत. उलट दम चांगला असलेली माणसे भरभर वर जातात आणि तीच अधिक अडचणीत येतात.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी साधारण ३,५०० मीटरवर मुक्काम आहे, आणि माझ्या मते या ट्रेकचा खरा अवघड टप्पा गडसर खिंड नसून ही पहिली रात्र आहे. ट्रेक सुरू होण्याआधी सोनमर्गला पदरच्या खर्चाने दोन रात्री राहावे, दिवसा थाजिवास हिमनदीच्या दिशेने चढून जावे आणि झोपायला खाली यावे. विशनसरला विश्रांतीचा दिवस ठेवणारी तुकडी मिळाली तर तीच निवडावी.

पत्नीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. उंचीच्या त्रासासाठी अनेक जण घेतात ती डायमॉक्स स्वतःच लघवीचे प्रमाण वाढवते. रक्तदाबाची गोळीही त्याच प्रकारची असेल तर दोन्ही एकत्र घ्यायच्या की नाहीत हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तेही त्यांना आवर्जून सांगावे.

पाणवठा :

देवराई यांनी पहिल्या रात्रीबद्दल लिहिले आहे त्याचा अनुभव आमच्या घरातच आहे. आमचे धाकटे मेहुणे पंचेचाळिशीचे, मॅरेथॉन पळणारे. निचनाईच्या मुक्कामावर ते आमच्या आधी तासभर पोहोचले होते आणि आम्ही आलो तेव्हा घोडेवाल्यांना तंबू ठोकायला मदत करत होते. रात्री राजमा-भाताचे ताट समोर आले तेव्हा त्यांनी दोन घास खाऊन ते बाजूला सरकवले आणि डोके जरा जड आहे, झोपलो की बरे वाटेल, असे म्हणाले. ताट टाकणारा हा माणूस नव्हे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

पहाटे त्यांना दोनदा उलटी झाली. सकाळी तंबूच्या दाराशी बसून ते बुटाची नाडी बांधत होते, आणि ती गाठ त्यांना तीन वेळा जमली नाही. मी त्यांना एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले, तर पाचव्या पावलाला त्यांचा तोल गेला. तोल जाणे म्हणजे त्रास मेंदूपर्यंत पोहोचल्याची खूण असू शकते आणि मग खाली उतरण्यावाचून उपाय नसतो. आमच्या ट्रेक लीडरने मात्र बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा ठीक आहे, चला, असे सांगितले. आम्ही ऐकले नाही. एक घोडा आणि एक स्थानिक वाटाड्या घेऊन मी त्यांना सोनमर्गला उतरवले आणि दुपारपर्यंत त्यांनी स्वतःहून चहा-ब्रेड मागितला. कोणत्या कंपनीबरोबर गेलो होतो ते येथे लिहीत नाही, कारण असा लीडर कोठेही भेटू शकतो.

यातून हमट्याच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. निचनाईहून माघारी फिरणे सोपे आहे, विशनसरहूनही जमते. पण गडसर खिंड ओलांडल्यानंतर आजारी माणसाला बाहेर काढायचे तर कोणत्याही बाजूने डोंगर पार करण्याचा लांबचा पल्ला पडतो. हमट्याला खिंडीच्या एका बाजूला जोब्रा आणि दुसऱ्या बाजूला छतरू येथे गाडीरस्ता आहे. आपले शरीर उंचीवर कसे वागते हे माहीत नसताना मी तरी आधी हमटाच निवडेन.

ओलीमाती :

हमट्याबद्दल माझे मत वेगळे आहे. सोनमर्गला दोन रात्री आणि विशनसरला एक दिवस मिळत असेल तर पहिलाच ट्रेक हा केला तरी चालेल. सह्याद्री येथे अगदीच निरुपयोगी ठरतो असेही नाही. शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानागपर्यंत एका दमात बाराशे मीटरहून अधिक उतार आहे, त्यातला बराचसा पाइनच्या जंगलातून आणि सुट्या मातीवरून. नळीच्या वाटेने गुडघे शाबूत ठेवून फिरलेल्या माणसाला तो जड जाणार नाही.

सह्याद्रीची सवय फसवते ती मुक्कामाच्या बाबतीत. गुहेत चटई टाकून झोपणाऱ्याला जमिनीतून चढणाऱ्या थंडीची कल्पना नसते. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी खालची मॅट पातळ असेल तर रात्रभर पाठ गारठते. थंडी वाजते म्हणून तंबूचे झरोके बंद केले की श्वासाची वाफ आतल्या कापडावर साचून पहाटे अंगावर ठिबकते, म्हणून वरचा झरोका उघडाच ठेवावा. तंबूत स्टोव्ह मात्र कधीही पेटवू नये, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो. दिवसाचे मोजे घालून झोपू नये. एक कोरडा जोड केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा आणि भर पावसातही त्याला हात लावू नये. बॅटऱ्या आणि फोन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे, अन्यथा सकाळी ते मेलेले सापडतात.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी पिल्यावर, आणि त्यात डायमॉक्स चालू असेल तर नक्कीच, रात्री दोनदा बाहेर जावे लागते. हेडटॉर्च रोज एकाच खिशात ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. अंधारात ती शोधताना जोडीदाराच्या तोंडावर गुडघा टेकवल्याने झालेले भांडण आमच्या घरात अजून मिटलेले नाही.

गडवाट :

सर्वांचे मनापासून आभार. विशनसरला विश्रांतीचा दिवस असलेली तुकडी शोधत आहोत आणि सोनमर्गला दोन रात्री राहण्याचे ठरवले आहे. रक्तदाबाबाबत डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांनी नको म्हटले तर यंदा पहलगामला नुसते राहून येऊ. एक शंका उरते, ऑगस्टमध्ये तेथे आपल्यासारखा पाऊस असतो का?

देवराई :

आपल्यासारखा नसतो. पीर पंजालची रांग मोसमी पावसाचा बराच भाग अडवते आणि म्हणूनच जुलै ते सप्टेंबर हा या ट्रेकचा हंगाम आहे. तरीही एखादा दिवस संततधार लागू शकते, तेव्हा पोंचो हवाच. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र पाहतात, त्यामुळे मूळ आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवावे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड असले तरी शिटकडी सोडल्यावर बहुतेक वाटेवर रेंज नसते, हे घरच्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.