टाकीवर क्रूस, चेन कोरडी: विश्वास ओळखायचा कशावरून?

मागचा_ब्रेक

नाताळ-ईस्टरच्या दिवसांत ख्रिस्ती तरुणांच्या बाईक रॅल्या निघतात. टाकीवर क्रूस, मागे झेंडा, फटाका सायलेन्सर, आणि मागे बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही. माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. बाईक चालवणारा जॅकेटवरून ओळखता येत नाही, आणि ख्रिस्ती माणूस गळ्यातल्या क्रूसावरून ओळखता येत नाही.

ज्याला खरंच लांब जायचं असतं तो आधी चेन बघतो. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून ढील मोजायची. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिमी लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) असतो. ढील जास्त झाली तर चेन स्प्रॉकेटवरून उतरते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. कमी ठेवली तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग जातं. साधारण ५०० किमीला सफाई करायची. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो, पेट्रोल नाही, त्याने रबर खराब होतं. मग इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने ल्यूब मारायचं. हे सगळं करताना कोणी फोटो काढत नाही.

उलट टोकाचे महाभागही आहेत. टायरच्या कडेला न झिजलेल्या रबराची पट्टी राहिली की घाटात बाईक झुकवत नाही हे कळतं, म्हणून ते ती पट्टी पॉलिश पेपरने घासतात. बायबलमधल्या मत्तय २३ मधले परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी) ताइत रुंद करतात आणि गोंडे लांब करतात, तो हाच उद्योग. मत्तय ६ मध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही कामं लोकांच्या नजरेआड करायला सांगतो. उपवासाच्या दिवशी तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे कळायलाच नको, इतकं स्पष्ट आहे. तरी आपल्याकडे माइकवरून साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव) देण्याची चढाओढ लागते.

वसईचा_वारा

तुमच्या नावातच ब्रेक आहे म्हणून विचारतो, ब्रेक लाइट कशासाठी असतो हो? तो लागला म्हणून गाडी थांबत नाही. तरी तो काढून टाकला तर मागून येणारा येऊन धडकेल. बाहेर दिसणारं सगळं दिखावा असतं तर इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर पट्टीही दिखावाच म्हणायची.

ज्या प्रवचनातून तुम्ही मत्तय ६ घेतलंत, त्याच प्रवचनात एक अध्याय आधी (५:१६) तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असं आहे. तुम्ही अर्धंच वाचताय.

राखेच्या बुधवारचं बघा, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा तो पहिला दिवस. त्या दिवशी मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) जे शुभवर्तमान वाचतात ते नेमकं मत्तय ६:१-६ आणि १६-१८, उपवास दाखवू नका हे सांगणारं. आणि त्यानंतर लगेच फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात! ख्रिस्तसभेला हा विरोध दिसला नसेल असं वाटतं का? इटलीसारख्या ठिकाणी राख कपाळावर लावत नाहीत, टाळूवर शिंपडतात, म्हणजे दिसणं हा त्या विधीचा गाभा नाही. राख मिरवायला नसते, मरणाची आठवण द्यायला असते. ती बघणाऱ्या शेजाऱ्यालाही झाली तर बिघडलं कुठे?

टॅपेट

दोघांच्या मधे बोलतो. बाहेरची वस्तू काम करते की नाही एवढंच तपासा.

फटाका सायलेन्सर घ्या. कार्बोरेटरच्या गाडीला फ्री-फ्लो (मोकळा सायलेन्सर) लावला आणि पेट्रोल सोडणारे जेट बदलले नाहीत तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट उडते. आवाज वाढला, ताकद होती तेवढीच राहिली किंवा घटली. पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात ते वेगळंच.

फॅशनचं लेदर जॅकेट ०.६ ते ०.८ मिमी जाडीचं असतं, रायडिंगचं १.२ ते १.४ मिमी. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, पण रस्त्यावर घसरत गेलात तर पहिलं लगेच फाटतं. कोपर-खांद्याचं पॅड काढून बघा, त्यावर ईएन १६२१-१ (अशा पॅडचं युरोपीय मानक) आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं हवं. नुसता स्पंज निघाला तर ते पॅड नव्हे.

सगळ्यात फसवं हेल्मेट. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरचं कवच मात्र चकचकीत राहतं. बाहेरून सुंदर पण आत हाडांनी भरलेल्या, चुना लावलेल्या कबरींबद्दल त्याच मत्तय २३ मध्ये आहे, ते इथे लागू पडतं. हेल्मेट असूनही पट्टा न लावणारे तर ढिगाने दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड चा १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांचं लायसन्स निलंबन टाळायला ते डोक्यावर ठेवलेलं असतं, डोकं वाचवायला नाही.

नगरची_उपासक

टॅपेटदादा, यंत्राचं सगळं पटलं, पण तुलना एका जागी तुटते आणि ती जागा महत्त्वाची आहे. बाईक चालवणं हे कमावलेलं कौशल्य. ज्याला पुढचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा जमत नाही तो कच्चा, एवढं आपण बिनधास्त म्हणतो. विश्वासाचं तसं नाही. देवाची कृपा कमावून मिळत नाही. लूक १८ मधल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी खोटं बोलत नव्हता, तो खरंच आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशांश देत होता. त्याची देखभाल चोख होती. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो त्याच्यासोबतचा जकातदार, लोक ज्याला पापी समजत. म्हणून मागचा_ब्रेक यांची चेनची कसोटी त्या परूश्यालाही पास करेल, हे ध्यानात घ्या. गुप्तपणे केलेल्या देखभालीचाही गर्व होतो.

दुसरं, खुणेला किंमत मोजावी लागली का ते बघा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. उघडपणे घेतला आणि त्यापायी घरदार तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या काळी ही खूण म्हणजे शोभा नव्हती, वाळीत पडण्याची तयारी होती.

मागचा_ब्रेक

ताई, टिळकांचंच पुढचं सांगा ना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ज्याने खुणेची एवढी किंमत मोजली त्यानेच ती दाराची अट म्हणून काढली.

आणि जकातदाराचं म्हणाल तर लूकच्या पुढच्याच अध्यायात जक्कय आहे. तोही जकातदारच. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट असा आकडा सांगितला. कृपा आधी आली हे मान्य, पण ती आली हे हिशेबाच्या वहीत दिसलं. याकोब २ क्रियेवाचून विश्वास निर्जीव म्हणतो ते याच अर्थाने.

वसईचा_वारा

जक्कय हे सगळं उभं राहून, लोक कुरकुरत असताना बोलला. खोलीत दार लावून नाही.

ऑक्टेन_९१

बाईक आणि चर्च यांचा खरा इतिहास कोणी काढलाच नाही. लंडनच्या हॅकनी विकमध्ये १९५९ ला चर्चचा युवक क्लब निघाला, नाव ‘५९ क्लब’. १९६२ पासून फादर बिल शेरगोल्ड यांनी त्यात मोटारसायकलवाल्यांना आणलं. ही पोरं म्हणजे रॉकर, काळी लेदर जॅकेटं, ताशी शंभर मैल गाठायची ईर्षा, आणि अड्डा नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे. इंग्लंडची वर्तमानपत्रं त्यांना गुंड म्हणत. शेरगोल्ड स्वतः ट्रायम्फ चालवत. ते कॅफेत जाऊन आमंत्रण देऊन आले आणि बाईकवाल्यांसाठी खास उपासना ठेवली.

आता सांगा, पाद्र्याने बाईकवर बसणं दिखावा होता का? मला नाही वाटत. पोरांना बसायला जागा आणि ऐकून घेणारा माणूस मिळाला. पण त्याच क्लबचा ५९ आकड्याचा बॅज पुढे जॅकेटवरची फॅशनही झाला, आणि तो लावणाऱ्या कित्येकांना तो चर्चच्या क्लबचा आहे हेही ठाऊक नसतं. बॅज तोच राहिला, त्याच्यामागचं काम विसरलं गेलं. त्यामुळे वसईकरांचा ब्रेक लाइट मला मान्य आहे, पण वायर पेडलच्या स्विचपर्यंत जोडलेली हवी.

टॅपेट

वायरचं बरोबर. रॅलीपुरतं बोलायचं तर झेंड्याचा दांडा मागच्या कॅरियरला बांधू नका, वाऱ्याने हँडल हलकं होतं. रांग एकामागे एक सरळ नको, डावी-उजवी अशी नागमोडी ठेवा, समोरच्याशी दोन सेकंदांचं अंतर. सिग्नलला रॅली तुटली तर तुटू द्या, पुढच्या ठरलेल्या ठिकाणी थांबा. लाल दिवा तोडून क्रूस मिरवण्यात कसली साक्ष?

नगरची_उपासक

माझा आक्षेप रॅलीपेक्षा देणगीच्या याद्यांवर आहे. मंडळीच्या वार्षिक सभेत नाव आणि रक्कम वाचून दाखवतात. मत्तय ६ मधलं डाव्या हाताला कळू न देणं तिथे कुठे बसतं?

वसईचा_वारा

बाई, विश्वस्त संस्थेला हिशेब तपासून घ्यावाच लागतो, पावती फाडावीच लागते. याद्या नसतील तर पैसा कुठे गेला ते कोण विचारणार? लपवाछपवीनेही मंडळ्या बुडतात.

नगरची_उपासक

पावती खजिनदाराच्या वहीत राहू दे, तपासनीस ती बघेल. सभेत एकूण जमा आणि बाबवार खर्च वाचा, वाटल्यास नोटीस बोर्डावर लावा. नावं कशाला? पाच हजार देणाऱ्याचं नाव आधी आणि पन्नास देणाऱ्या म्हातारीचं ‘इतर’ मध्ये, हा क्रम कोणत्या कायद्यात आहे?

वसईचा_वारा

क्रमाचं मान्य. नावं अकारविल्हे लावा, रक्कम गाळा. पण नावं काढायला माझा विरोध राहील. नाव दिसलं की पुढच्या वर्षी शेजारीही देतो, आणि त्या पैशांतूनच वसतिगृहाचं छप्पर दुरुस्त होतं.

मागचा_ब्रेक

शेजाऱ्याची लाज काढून जमवलेलं छप्पर गळणार नाही, मान्य. पण त्याला दान म्हणू नका, वर्गणी म्हणा.