काऊन्सेलिंगला जाते ते घरी कळंल का? वेटिंगमध्येच नाव पुकारतेत

गंगाखेडची_लेक:
दोन महिने झाले परभणीला काऊन्सेलिंगला जायलाले, झोप लागत नव्हती, छातीत सारखं धडधड करायचं म्हणून. फरक पडायलाय. पण मागच्या मंगळवारी बाकड्यावर बसले होते तर कंपाऊंडरनी दारातूनच माझं नाव गाव पुकारलं अन् वर मोठ्यानं "झोपंच्या गोळ्या संपल्या का?", समोरच आमच्या गल्लीतल्या काकू त्यांच्या सुनंला घेऊन बसलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला. घरी फक्त मिस्टरांना माहितीय, सासूबाईंना दाताचं सांगितलंय. डॉक्टर घरच्यांना सांगू शकतेत का? परत जावं का नाही तेच कळंना.

लातूरची_समुपदेशक:
ताई, जाणं बंद करू नका, चूक तुमची नाही, पुकारणाऱ्याची आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम 23 मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, कम्प्युटरमधली नोंदसुद्धा गुप्त ठेवायची अन् तुमच्या संमतीशिवाय फोटो मीडियाला द्यायचा नाही, हे कलम 24 मध्ये येतं. सासूबाईंनी फोन करून विचारलं म्हणून कुणी सांगू शकत नाही. अपवाद आहेत, कुणाच्या जिवाला धोका असंल, कोर्टाचा आदेश आला, असे. अजून एक, ह्याकडं कुणी लक्ष देत नाही: कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी असतो, म्हणजे उपचारात तुमच्या वतीनं मदत करायला नेमलेलं माणूस, त्याला उपचारासाठी लागंल तेवढी माहिती देता येते. तुम्ही नाव नाही दिलं तर ते नातेवाइकाकडं जाऊ शकतं. म्हणून साध्या कागदावर मिस्टरांचं नाव लिहा, सही करा अन् देऊन टाका.

सेलूकर:
माझ्या भावाला नेत होतो तवा आमचंबी असंच झालं. मी काऊंटरवर जाऊन सरळ म्हणलो, दादा नाव नका घेऊ, नंबरनी बोलवा, अन् तवापासून नंबरच. गोळ्याची चिठ्ठी गावातल्या मेडिकलवर देऊ नका, परभणीतूनच घेऊन या, गावात मेडिकलवाल्याकडूनच पयले पसरतं हे मी बघितलंय. अन् रात्री लईच घाबरल्यावानी झालं तर टेली मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलतेत.

गंगाखेडची_लेक:
आज फोन केला काऊन्सेलिंगच्या मॅडमला. सगळं सांगितलं, रडूच आलं. त्या म्हणल्या मी आतूनच बोलवीन, अन् गर्दी नको तर शेवटची वेळ घ्या, साडेपाचची. कागदावर मिस्टरांचं नाव लिहून ठेवलंय. आता तेवढं परतीच्या गाडीचं बघायचं राहिलंय.